‘भरून निघेल’चा हिशेब: इंदूरच्या एका समुपदेशन केंद्रातील सहा बैठका

पत्त्यांत हरलेला माणूस पैसे मोजून समुपदेशकाकडे जातो, हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘त्यापेक्षा हरायचं थांबव’ हा सल्ला फुकट दिला. सल्ला वाईट नव्हता. पण पोकर खेळणाऱ्याला तो पाळता येत नाही, कारण या खेळात उत्तम खेळूनही महिनोन्‌महिने हरता येते आणि गचाळ खेळूनही आठवडाभर जिंकता येते. या विचित्र गोष्टीने माझे डोके पोखरले होते, आणि त्यावर उपाय शोधत मी गेल्या हिवाळ्यात पलासियाच्या बाजूला असलेल्या एका खाजगी समुपदेशन केंद्रात सहा बैठका केल्या. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्या केवळ माझ्या एकट्याच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. अशा प्रकारच्या सेवेकडून काय मिळू शकते आणि काय मिळत नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

आधी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मी एका करसल्लागाराच्या कचेरीत खतावण्या सांभाळतो. चार वर्षे रात्री जेवणानंतर दोन तास मी ऑनलाइन पोकर खेळत असे. दहा-वीसच्या ब्लाइंडचे टेबल, म्हणजे पाने बघण्याआधीच सक्तीने लावायचे दहा आणि वीस रुपये; आणि दोन हजारांचा एक बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना समोर ठेवायची रक्कम. पहिली तीन वर्षे थोडा का होईना, नफा होता. २०२५ च्या मे महिन्यापासून मात्र पाने उलटली. जुलैअखेर चाळीस हजार हातांत, म्हणजे डावांत, बावीस बाय-इन, म्हणजे चव्वेचाळीस हजार रुपये गेले. आणि मग ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैशांवर चालणारी सगळी टेबले बंद झाली. खात्यातली शिल्लक परत मिळाली. पण माझी हरण्याची मालिका तळाला असतानाच डाव मोडला, आणि ‘आणखी दोन महिने मिळाले असते तर सगळं भरून निघालं असतं’ हे वाक्य डोक्यात जे रुतले ते काही केल्या निघेना. कचेरीत ताळेबंद जुळवताना ते आठवे, रात्री तीनला जाग आली की ते आठवे. बायको म्हणाली, ‘आधी तुमच्या जेवणावरून कळायचं, जिंकलात की हरलात. आता खेळणं बंद झालं, तरी रोज हरल्यासारखंच जेवता.’

केंद्र निवडण्याचे माझे एकमेव कारण भाषा हे होते. इंदुरात मराठी घरे होळकरांच्या काळापासून आहेत. तरी मन मोकळे करण्यासाठी मराठी समुपदेशक मिळणे सोपे नाही, आणि मला ‘जिवाला लागणे’ व ‘वाईट वाटणे’ यांतला फरक हिंदीत समजावत बसायचे नव्हते. येथल्या बाई रामबागेत वाढलेल्या, पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांना पोकर अजिबात येत नव्हते. पत्त्यांशी त्यांचा संबंध बदाम सातपुरता आणि दिवाळीत घरोघरी रंगणाऱ्या तीन पत्तीपुरता होता. पहिल्या दिवशी हा मला मोठा दोष वाटला, कारण हजार-बाराशे रुपये मोजून आपणच शिकवणी घ्यायची, असा तो प्रकार होता. पहिल्या बैठकीतली वीस मिनिटे तर दोन पाने हातात, पाच पाने सर्वांसाठी मध्ये, आणि पैसे चार वेळा लावायचे, एवढे सांगण्यातच गेली.

उरलेल्या वेळात त्यांनी एक गोष्ट मात्र चोख केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत आणि बारा महिन्यांत त्यांपैकी चार किंवा अधिक आढळली, तर तो विकार मानला जातो. त्या नऊ गोष्टी त्यांनी एकेक करून, साध्या मराठीत विचारल्या. रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा येत नाही का, कमी करायचे ठरवले की चिडचिड होते का, नोकरी किंवा नाते पणाला लागले का, कोणाकडे हात पसरावे लागले का. माझे दोन ठाम होकार आले आणि एक चाचरत. हरलेले परत मिळवायला लगेच दुसऱ्या दिवशी बसणे, हा पहिला. घरी तोट्याचा आकडा कमी सांगणे, हा दुसरा. मन उदास असताना खेळणे, याला मी ‘कधीकधी’ म्हणालो. चार होकार आले असते, तर त्यांनी मला तेथेच थांबवून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले असते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नशिबाच्या फेऱ्यावर गप्पा मारण्याआधी ही चाळणी लावणे मला फार जबाबदारीचे वाटले, कारण माझ्या ओळखीतले निम्मे खेळाडू ‘सध्या पत्ते साथ देत नाहीत’ हेच वाक्य वापरून बरेच काही झाकतात. मीही झाकत होतो.

दुसऱ्या बैठकीत मी माझे सर्वांत मोठे दुःख बाहेर काढले. प्रत्येक पोकर खेळणाऱ्याकडे अशी एक कहाणी असते आणि ती ऐकणारा मनात स्वतःची कहाणी जुळवत असतो, म्हणून ती कोणी पूर्ण ऐकत नाही. बाईंनी ऐकली. माझ्या हाती दोन एक्के होते. समोरच्याकडे, नंतर कळले त्याप्रमाणे, दोन दश्शा. मधली पहिली तीन पाने राजा, सत्ती, तिर्री अशी पडली आणि दोघांचेही सगळे पैसे आत गेले. चौथे पान चव्वी. आता उरलेल्या चव्वेचाळीस पानांत त्याला वाचवणारी दोनच पाने होती, म्हणजे शंभरांत साडेचार-पाच वेळा होणारी गोष्ट. आणि शेवटचे पान दश्शी आले.

त्यांनी विचारले, ‘आता हाच डाव शेवटचं पान न सांगता सांगाल का?’

मी सांगू लागलो. एक्के मिळाले, वाढवले, त्याने आणखी वाढवले, राजा-सत्ती-तिर्रीवर सगळे लावले, त्याने स्वीकारले. आणि मी थांबलो, कारण पुढे सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

‘यात तुमचं काय चुकलं?’

‘काहीच नाही.’

‘मग त्यानंतरचा डाव सांगा. तसाच, शेवट काढून.’

येथे माझी पंचाईत झाली. त्यानंतरचा डाव म्हणजे रात्री दीड वाजता, चाळीस-ऐंशीच्या, म्हणजे चौपट मोठ्या टेबलावर, चौकटची राणी आणि चौकटची नव्वी घेऊन एका अनोळखी खेळाडूच्या प्रत्येक बोलीला मी मान डोलावत गेलो तो. आजवर ही कहाणी मी ‘रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, चौकट आलीच नाही’ अशी सांगत आलो होतो. शेवटचे पान काढून टाकल्यावर त्यात दुर्दैव औषधालाही सापडेना. सापडला तो दीड वाजता चौपट टेबलावर बसलेला एक चिडलेला माणूस. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण लहानपणी आजीकडून ऐकली होती, ती अशी पत्त्यांच्या टेबलावर येऊन बसेल असे वाटले नव्हते.

पोकरमध्ये या अवस्थेला टिल्ट म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रांवरून आला असल्याचे सांगतात: गोळी हवी तिकडे जावी म्हणून खेळणारा यंत्र गदागदा हलवू लागला, की यंत्र त्याची बटणेच बंद करून टाकते. बाईंना ही उपमा आवडली. पण त्यांनी आपला शब्द वापरला, ‘तोल जाणे’, आणि मला तोच अधिक योग्य वाटतो. तोल एकदम जात नाही, आधी पाऊल घसरते. माझे पाऊल कोठे घसरते, हे शोधण्यात तिसरी बैठक गेली आणि उत्तर अगदी क्षुल्लक निघाले: मी खुर्चीत पुढे सरकतो आणि पाणी प्यायचे विसरतो. श्वास मोजण्याचा एक व्यायामही त्यांनी शिकवला, चार अंक आत आणि सहा अंक बाहेर. तो रात्री झोप येण्यासाठी उपयोगी पडला. टेबलावर, समोर बोली लागलेली असताना, मला तो एकदाही आठवलेला नाही.

या सेवेचे खरे मोल मला चौथ्या बैठकीत मिळाले. मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. माझ्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रेषा दिसतात: एक प्रत्यक्ष नफा-तोट्याची, आणि दुसरी, सगळे पैसे आत गेले त्या क्षणीच्या शक्यतेप्रमाणे वाटणी झाली असती तर काय झाले असते, याची. पहिली रेषा उणे बावीस बाय-इनवर होती आणि दुसरी उणे नऊवर. मी विजयी मुद्रेने मधल्या तेरा बाय-इनच्या दरीवर बोट ठेवले आणि म्हणालो, ‘हे बघा, हे माझं दुर्दैव.’

बाईंनी चष्मा वर सरकवला, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘आणि ही वरची रेषासुद्धा खालीच का चालली आहे?’

पोकर न येणाऱ्या माणसाने मला विचारलेला हा सर्वांत अवघड प्रश्न होता. खेळाडू मित्रांनी तीन महिने ही रेषा पाहिली होती आणि सगळ्यांनी दरीबद्दल हळहळ व्यक्त केली होती. ती रेषाच खाली चालली आहे, हे कोणी बोलले नव्हते. न्यायाने बोलायचे तर दुसरी रेषाही सगळे नशीब धुऊन काढत नाही. माझ्याकडे तीन राजे असताना समोर तीन एक्के लागावेत, हे दुर्दैव त्या रेषेत दिसत नाही. आणि टेबल चालवणारा प्रत्येक मोठ्या डावातून जो कट घेतो, तो दोन्ही रेषांना सारखाच खाली ओढतो. तरीही नऊ बाय-इनमध्ये दीड वाजताच्या राण्या-नव्व्या किती, हे मला ठाऊक होते.

त्यानंतर मुद्दा आला ‘भरून निघण्या’चा. मी हिशेबनीस माणूस. माझ्या दृष्टीने नावे पडलेली रक्कम कधी ना कधी जमेला यायलाच हवी. बाईंनी विचारले, ‘पण हे येणं तुम्ही कोणाच्या नावे लिहून ठेवलं आहे?’ मी सरासरीच्या नियमाचे नाव सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, घरी जाऊन हिशेब करून बघा म्हणाल्या. त्या रात्री कचेरीतून आणलेल्या कॅल्क्युलेटरवर मी साधे नाण्याचे उदाहरण घेतले. शंभर वेळा नाणे उडवले आणि छापा चाळीसच वेळा आला, तर दहा छापे कमी पडले. पुढे दहा हजार वेळा नाणे अगदी प्रामाणिकपणे वागले आणि पाच हजार छापे आले, तर एकूण दहा हजार शंभरांत पाच हजार चाळीस; टक्केवारी चाळीसवरून ४९.९ वर आली. पण कमी पडलेले दहा छापे अजूनही दहाच आहेत. सरासरी सुधारली ती जुने देणे फिटले म्हणून नव्हे. पुढच्या हजारोंच्या ढिगाखाली ते दिसेनासे झाले म्हणून. पत्त्यांच्या गड्डीला मागचे काही आठवत नाही. १९१३ च्या ऑगस्टमध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग सव्वीस वेळा काळा आला आणि ‘आता तरी लाल येईलच’ म्हणून लाल रंगावर पैसे ओतणारे धुतले गेले, ही गोष्ट मी दहा जणांना सांगितली असेन. आणि स्वतः मात्र दोन महिन्यांनी जमा होणाऱ्या चव्वेचाळीस हजारांची वाट बघत होतो.

दुसराही एक हिशेब त्या रात्री केला. माझ्यासारखा, शंभर हातांत तीन मोठे ब्लाइंड, म्हणजे साठ रुपये, मिळवणारा खेळाडू चाळीस हजार हात खेळला, तर अपेक्षा बारा बाय-इन नफ्याची. पण या खेळातले चढउतार इतके दांडगे, की वीस बाय-इन इकडे किंवा तिकडे होणे ही अगदी सामान्य बाब मानावी लागते. म्हणजे उणे बावीस हा आकडा शंभरांपैकी चार-पाच चांगल्या खेळाडूंच्या वाट्याला, काहीही न चुकता, येणारच. याने मला दिलासा मिळाला आणि भीतीही वाटली, कारण याच आकड्यावरून मी चांगला खेळाडू आहे की नाही, हेसुद्धा सिद्ध होत नाही. बाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग ते सिद्ध न होता जगायची सवय करू या.’

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत, तोटा नफ्यापेक्षा जास्त बोचतो हा, बाईंनी पाचव्या बैठकीत समजावला. ही बोच साधारण दुप्पट असते, असे नंतरच्या मोजणीत दिसून आले. माझ्या भाषेत मी तो असा लिहिला: शंभर संध्याकाळींपैकी पंचावन्न जिंकल्या आणि पंचेचाळीस तेवढ्याच रकमेने हरल्या, तर कचेरीच्या वहीत दहा संध्याकाळी जमा, पण मनाच्या वहीत पंचावन्न जमा आणि नव्वद नावे. जिंकणारा खेळाडूही आयुष्यभर हरल्याच्या चवीने जेवतो, त्याचे कारण हे असावे.

हाती लागलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे एक तीन रकान्यांची वही. पहिल्या रकान्यात निर्णय, दुसऱ्यात त्या क्षणी माहीत असलेल्या गोष्टी, तिसऱ्यात मनाची अवस्था. निकालाला रकाना नाही. आणि एक नियम: तीन बाय-इन गेले की उठायचे. या नियमावर मी बराच वाद घातला. गणिताने पाहिले तर उठून जाण्याने काही वाचत नाही. टेबल सोपे असेल आणि आपण नीट खेळत असू, तर उठणे हाच तोटा आहे, आणि अनेक कसलेले खेळाडू याच कारणासाठी हा नियम मानत नाहीत. बाईंचे उत्तर होते, ‘तुम्ही नीट खेळत आहात, हे तीन बाय-इन हरलेला माणूस ठरवणार का?’ मी नियम स्वीकारला.

आता तक्रारी. सहापैकी चार वेळा मला अर्धा तास किंवा अधिक थांबावे लागले, आणि प्रतीक्षेच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना लागून असल्याने शेजारच्याचा फोनही ऐकू येतो. मानसिक त्रास घेऊन आलेल्या माणसाला हे नकोसे होते. घरी भरायला दिलेले तक्ते कोणत्या तरी परक्या पुस्तिकेतून कठीण हिंदीत उतरवलेले आहेत. ‘स्वचालित नकारात्मक विचार’ या मथळ्याखाली काय लिहायचे, ते मला शेवटपर्यंत उमगले नाही. गुरुवारच्या गटबैठकीचे वेगळे चारशे रुपये भरून मी एकदा गेलो. तेथे शेअर बाजारात ऑप्शन खेळणारे तिघे आणि रमीवाले दोघे होते, आणि तासभर प्रत्येकाने आपापली दश्शी सांगितली. शेवटचे पान काढून सांगा, असे तेथे कोणी म्हटले नाही. सहा बैठका झाल्यावर स्वागतकक्षातून दहा बैठकांच्या सवलतीच्या योजनेसाठी दोनदा फोन आला. बाईंनी स्वतः मात्र ‘आता गरज वाटली तरच या’ असे सांगितले होते.

उपयोग झाला का, याचे उत्तर फेब्रुवारीतल्या एका रात्रीवरून देतो. आता इंदुरात आमचा शनिवारचा डाव पैशांविना, नुसत्या चिप्सवर चालतो. पण मित्रांसोबत गोव्याला गेलो होतो आणि तेथे मांडवीतल्या परवानाधारक कॅसिनोत बसलो. अडीच तासांत तीन बाय-इन गेले. शेवटचा डाव मी राजांची जोडी घेऊन हरलो, समोर एक्का-राणी होती आणि एक्का लागला. खुर्चीत पुढे सरकलो आहे, हे माझे मलाच जाणवले. अकरा वाजून वीस मिनिटांनी उठलो, वरच्या डेकवर जाऊन पाणी प्यालो आणि वहीत लिहिले. मित्र म्हणाले, बस, आता तुझी पाने फिरतील. मी बसलो नाही, पण झोपेपर्यंत बसावेसे वाटत होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. जेवण मात्र नीट झाले.

मी या केंद्राला पाचपैकी साडेतीन गुण देईन. बाईंना एकट्यांना साडेचार. पन्नास मिनिटांच्या बैठकीचे बाराशे रुपये, म्हणजे सहा बैठकांचे सात हजार दोनशे, माझ्या हिशेबाने साडेतीन बाय-इनपेक्षा थोडे जास्त. ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही किंवा ज्यांची गोष्ट रात्री-अपरात्री ऐकून घेण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. पोकर चांगले यावे म्हणून या केंद्रात जाऊ नये. ते तेथे कोणालाच येत नाही. नोंदींचे सॉफ्टवेअर असेल तर लॅपटॉप पहिल्याच दिवशी सोबत न्यावा, मी तीन बैठका उगाच वाया घालवल्या. वेळ शक्यतो सकाळी अकराची मागावी. संध्याकाळी सातनंतर खालच्या मजल्यावर झुंबाचा वर्ग सुरू होतो आणि श्वास मोजताना अंक चुकतात. शिवाय सकाळी बैठक आटोपल्यावर छप्पन दुकानापर्यंत चालत जाऊन गरम पोहे मिळतात, वहीचे दोन रकाने तेथेच भरून होतात.